पट्टीखालची हनुवटी

मागच्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी करुणा साळवे हिने आमच्या वाहिनीचं संध्याकाळचं बातमीपत्र हनुवटीवरचे केस न काढता वाचलं. वाहिनी लहान होती. कल्याण, डोंबिवली आणि ठाण्याच्या काही भागांत केबलवर दिसायची. केस काळे आणि जाड होते, स्टुडिओच्या दिव्यांत स्पष्ट दिसत होते. बातमीपत्र वीस मिनिटांचं होतं. ते न अडखळता पूर्ण झालं. त्या वीस मिनिटांत वाहिनीकडून एक चूक झाली. ती करुणाने केली नव्हती, पण तिच्यामुळे झाली, असं नंतर बऱ्याच जणांनी ठरवून टाकलं.

मी त्या वाहिनीत बातम्या लिहायचे आणि करुणा त्या वाचायची. ऑफिस कल्याण पश्चिमेला बाजारातल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. खाली मसाल्याचं घाऊक दुकान होतं. तिचं टेबल माझ्या शेजारी होतं, पण ती त्यावर क्वचितच सापडायची. बातमी तपासायला बसली की दोन ओळींनंतर उठायची, तिसरी ओळ दाराशी उभी राहून मोठ्याने म्हणून बघायची, चौथी परत येऊन दुरुस्त करायची. डबा उभ्याने खायची. फोन आला की बोळातून जिन्यापर्यंत आणि जिन्यापासून बोळात. खालच्या दुकानदाराने एकदा वर येऊन विचारलं होतं, "तुमच्याकडे पहारा ठेवलाय का कोणी? दिवसभर डोक्यावर पावलं वाजतात."

"मीच ती, काका," करुणा म्हणाली. "तुमच्या मिरच्यांवर लक्ष ठेवते."

दुसऱ्या कोणाचं बोलणं लांबलं की ती मध्येच म्हणायची, "पुढे?" तुसडेपणाने नव्हे. तिला खरंच पुढचं हवं असायचं. सिनेमा शेवटापर्यंत बघितल्याचं तिने कधी सांगितलं नाही. अर्ध्यात उठून यायची आणि शेवट आम्हाला विचारायची.

पाय थांबले की हात सुरू व्हायचा. डाव्या हाताची बोटं हनुवटीवरून कानाकडे जायची, तिथून जबड्याच्या कडेने गळ्यावर उतरायची आणि परत वर यायची. तांदळात खडा चाचपावा तशी. एखाद्या जागी बोट थबकायचं. मग ती समोर जे चकाकतं असेल त्यात बघायची: बंद पडलेला मॉनिटर, डब्याचं झाकण, पार्किंगमधल्या कोणाच्याही स्कूटरचा आरसा. थबकलेलं बोट आणि आरसा यांच्या मध्ये तिला दुसरं काही सुचत नसे. महापालिकेच्या सभेचं वार्तांकन करतानाही मी हे पाहिलं आहे.

ती ठाण्यात वर्तकनगरच्या एका वसाहतीत वाढली. वडील नव्हते. आई सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. वसाहतीत दरवर्षी चौदा एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करुणाकडे असायचं. सातवीपासून ती ते करत होती. वाहिनीच्या मालकांनी तिला तिथेच पहिल्यांदा ऐकलं.

केस नववीत आले. आधी ओठावर, मग हनुवटीवर, मग गळ्यावर. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला मावळ्याचं काम दिलं गेलं. मेकअप करणाऱ्या बाईंनी बाकीच्या मुलींना काजळाने मिशा काढल्या आणि तिच्यापाशी आल्यावर म्हणाल्या, "हिला नको, हिचं भागतंय." सगळे हसले. करुणाही हसली. हे तिने मला सांगितलं तेव्हा आम्ही कोर्ट नाक्यावर एका मोर्चाची वाट बघत उभ्या होतो. "पुढे?" मी विचारलं. "पुढे काय, नाटकाला दुसरा नंबर आला," ती म्हणाली आणि मोर्चा कुठवर आलाय ते बघायला निघून गेली.

डॉक्टरांनी पीसीओएस सांगितलं. बीजांडकोशातल्या संप्रेरकांचा बिघाड. पाळी अनियमित, वजन, साखर आणि चेहऱ्यावर पुरुषांसारखे केस. गोळ्यांनी पाळी मार्गी लागली. आधी उगवलेले केस गोळ्यांनी जात नाहीत, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग पार्लर. आठवड्यातून दोनदा दोरा, आणि दोन दोऱ्यांच्या मध्ये चिमटा. लेझर तिने ठाण्यात एका ठिकाणी करून बघितलं. काही केस गेले, बरेचसे परत आले. रेझरला ती हात लावत नसे. रेझरने केस जाड येतात, असं पार्लरवालीने सांगितलं होतं. आईने परिचारिका म्हणून काढलेल्या इतक्या वर्षांच्या अधिकाराने ते खोटं असल्याचं सांगितलं, तरी करुणाने ऐकलं नाही. "तो बाबांच्या कपाटातला दाढीचा डबा मला उघडायचा नाही," एवढंच ती म्हणाली.

डोंबिवली पूर्वेच्या आपटे मॅडमचं नाव तिला कोणी दिलं, मला माहीत नाही. पहिल्या वेळी तिने मला बरोबर नेलं, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे एकटी गेली असती तर ती जिन्यावरूनच परतली असती. पहिला मजला, बाहेर चपलांचं लाकडी कपाट, आत एक खोली, एक अरुंद पलंग, भिंग लावलेला दिवा आणि रेडिओएवढं एक यंत्र. आपटे मॅडम साठीच्या होत्या. साडीवर पांढरा कोट. त्यांनी करुणाची हनुवटी दिव्याखाली धरली आणि भिंगातून केस निरखले.

"चिमटा वापरता?"

"कधीतरी."

"पर्समध्ये आहे?"

करुणाने पर्समधून चिमटा काढला. आपटे मॅडमनी हात पुढे केला आणि तो घेऊन खणात टाकला.

"आता नीट ऐका. मी एकेका केसाच्या कडेने सुई आत घालते, मुळाशी करंट देते, मूळ मरतं. केस दिसला तरच सुईला वाट सापडते. तुम्ही तो उपटलात तर मी सुई घालू कुठे? तेव्हा दोरा बंद, वॅक्स बंद, चिमटा बंद. कात्रीने कापा, रेझर फिरवा, काही बिघडत नाही. आणि सिटिंगच्या आधी तीन दिवस तेही नाही. केस वाढू द्यायचे."

"तीन दिवस? मॅडम, मी टीव्हीवर असते."

"मग टीव्हीचं काय करायचं ते तुम्ही बघा. मी केसांचं बघते."

"किती दिवस चालेल हे?"

"दिवस नव्हे हो. वर्ष, दीड वर्ष. तुमचे बरेच आहेत."

करुणा खोलीत एक फेरी मारून आली. खोली लहान होती, फेरी चार पावलांत संपली. मग ती पलंगावर आडवी झाली.

पहिल्या सिटिंगला मी तिथेच बसून होते. सुई केसापेक्षा बारीक होती. आत गेली की यंत्रावर बारीक आवाज व्हायचा, करुणाचे डोळे मिटायचे, केस चिमट्याने अलगद निघून यायचा आणि तिथे लाल ठिपका उरायचा. मग पुढचा. तासाभरात नाण्याएवढी जागा झाली. दुखण्याबद्दल तिने तक्रार केली नाही. तक्रार एकच होती: बोलता येत नाही.

"मॅडम, तुम्ही दिवसाला किती..."

"बोलू नका. हनुवटी हलते."

"मी नुसतं विचारत..."

"हललात. पाय हलवा हवं तर, पायांना माझी ना नाही."

तेव्हापासून ती पाय हलवायला लागली. पंजे आळीपाळीने पुढे-मागे, एका लयीत, तासभर. आडव्या माणसाने इतकं चाललेलं मी पाहिलेलं नाही. आपटे मॅडमनी पलंगाच्या त्या टोकाला एक जुनी चादर टाकून ठेवली, कारण टाचांनी रेक्झिन फाटायला लागलं होतं.

एक चिमटा दिला, पण तो एकच नव्हता. ऑफिसच्या खणात एक होता, स्कूटरच्या डिकीत एक, घरी आरशामागे एक आणि बातमीपत्राच्या टेबलाखाली चिकटपट्टीने लावलेला एक. हा मजकूर लिहिताना मी तिला फोन करून खात्री केली. ती म्हणाली, "पाच होते, ताई. एक आईच्या देव्हा... आपलं, मूर्तीच्या मागच्या कोनाड्यात." ते तिने एकेक करून आपटे मॅडमकडे जमा केले. दर वेळी म्हणायची, "हा शेवटचा." आपटे मॅडम खण उघडायच्या.

ऑफिसात या सगळ्याला 'डोंबिवली' असं नाव पडलं. "रविवारी माझं डोंबिवली आहे," ती म्हणायची, आणि त्याचा अर्थ असा की शुक्रवार-शनिवारचं बातमीपत्र नेहा वाचेल. नेहा ही आमची दुसरी निवेदिका. दर पंधरा दिवसांनी असं व्हायचं. त्या दोन दिवसांत करुणा ओढणी नाकापर्यंत ओढून मागच्या खोलीत बातम्या लिहायची आणि कुरिअरवाला आला तरी पाठ फिरवायची. करोनाचे मास्क सुटून वर्ष-दोन वर्षं झाली होती. तिने मास्क सोडला नव्हता. "धुळीची ॲलर्जी आहे," असं ती सांगायची. खाली मिरचीचा बाजार असल्याने कोणी शंका घेत नसे.

दोन सिटिंग वाया गेली. पहिलं घरामुळे. आत्याच्या मुलीचं उल्हासनगरला लग्न होतं, शनिवारी. आदल्या दिवशी तिची आई मला फोनवर म्हणाली, "तू तरी सांग गं तिला. स्टेजवर फोटो निघणार. जन्मभर भिंतीवर राहतात ते. एक दिवस दोरा फिरवला तर काय आभाळ कोसळणार आहे?" मी सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. आईने पार्लरची मुलगी घरीच बोलावली होती.

रविवारी सकाळी करुणा पलंगावर आडवी झाली. आपटे मॅडमनी दिवा लावला, भिंग ओढलं, बघितलं आणि दिवा बंद केला.

"उठा."

"डावीकडे थोडे आहेत मॅडम, गळ्यापाशी..."

"उठा. पुढच्या महिन्यात या. लग्न कसं झालं?"

खाली स्कूटरपाशी आल्यावर तिने आरशात हनुवटी बघितली. अगदी गुळगुळीत होती. "ताई," ती म्हणाली, "चेहरा स्वच्छ आहे म्हणून मला पहिल्यांदाच कोणीतरी हाकललं."

दुसरं सिटिंग वाहिनीमुळे गेलं. महापालिकेचं अंदाजपत्रक होतं आणि मालकांना ते थेट दाखवायचं होतं, करुणाच पाहिजे होती. मालकांना सगळे भाऊ म्हणायचे. भाऊ मूळचे केबलचालक. खांबावर स्वतः चढून वायर ओढलेला माणूस. अजूनही कुठे चित्र गेलं की खिशातून पक्कड काढायचे. बातम्यांच्या धंद्यात त्यांनी स्वतःचे म्हणावेत असे थोडेच नियम केले होते. त्यातला एक खुलाशाचा.

तो नियम असा आला. आमच्या वाहिनीने एकदा एका माजी नगरसेवकाच्या निधनाची बातमी दिली. ते जिवंत होते. त्यांनी स्वतः फोन केला. त्याच संध्याकाळी खुलासा दिला गेला, पण पडद्यावर नगरसेवकांची जुनी दृश्यं लावली होती आणि आवाज मागून होता. अर्ध्या गावाला वाटलं, श्रद्धांजली चालू आहे. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात हार घेऊन माणसं उभी. तेव्हापासून भाऊंचा नियम: खुलासा असेल तर पडद्यावर फक्त वाचणाऱ्याचा चेहरा. दृश्य नाही, खाली पट्टी नाही, अक्षर नाही. "माणूस समोरासमोर माफी मागतो तशी मागायची," ते म्हणायचे.

आता तो शनिवार. संध्याकाळी पाचला नेहाचा फोन आला. तिला सडकून ताप होता. भाऊ मागच्या खोलीत आले. करुणा ओढणी ओढून लिहीत होती, म्हणजे खिडकीशी उभी होती.

"करुणा, आज तू बस."

"भाऊ, उद्या माझं डोंबिवली आहे."

"मग मेकअप कर ना जाडसर."

"मेकअपने जास्त दिसतात. पावडर केसांवर बसते."

"अगं मग काढून टाक. दोन मिनिटांचं काम. कात्री देऊ?"

"दोनदा घालवलं. एकदा घरासाठी, एकदा तुमच्या बजेटसाठी. तिसऱ्यांदा गेले तर मॅडम दारातून परत पाठवतील. आता नाही."

"लोक बघतात गं."

"म्हणून तर ते बातम्या लावतात. वाचू की नको, तेवढं सांगा."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी लिहू शकत होते, कॅमेऱ्यासमोर वाचू शकत नव्हते. हे त्यांना माहीत होतं. "वाच," ते म्हणाले आणि घरी निघून गेले.

पडद्यावरच्या पट्ट्या, अक्षरं आणि दृश्यं सांभाळायचं काम दिनेश म्हात्रेकडे होतं. कल्याणजवळच्या एका गावचा, आगरी, करुणापेक्षा लहान, तिला 'करुणाताय' म्हणणारा. ती स्टुडिओत शिरताना तो काचेमागून म्हणाला, "ताय, टेन्शन घेव नको. मी हाय ना."

ती समजली की धीर देतोय. तिने ओढणी काढून खुर्चीवर टाकली आणि बसली. बातमीपत्र हे दिवसातलं एकच काम होतं ज्यात ती जागेवरून हलत नसे.

मी बाहेर फोनपाशी होते. शेवटची बातमी चालू असताना पहिला फोन आला.

"हॅलो, मंगळवारी पाणी खरंच बंद आहे का?"

"असं काही नाही. कुठे ऐकलंत?"

"ऐकलं कुठे? वाचतोय ना समोर! एवढं मोठं लिहिलंय तुम्ही."

मी वळून मॉनिटरकडे बघितलं. चित्र नेहमीपेक्षा जवळून घेतलेलं होतं आणि पडद्याच्या खालच्या बाजूला एरवी एका ओळीची बारीक पट्टी असायची, तिथे दोन ओळींची रुंद लाल पट्टी होती. ती करुणाच्या खालच्या ओठाला टेकली होती. कुंपणाआडून डोकावून कोणी बातम्या सांगावं तसं दिसत होतं. पट्टीवर लिहिलं होतं: कल्याण पूर्वेत मंगळवारी दिवसभर पाणी बंद, नागरिकांनी पाणी साठवून ठेवावे. ही सूचना आधीच्या आठवड्यातली होती. तो मंगळवार होऊन गेला होता.

मी काचेवर थाप मारेपर्यंत दुसरा फोन वाजला. दिनेशने पट्टी काढली तेव्हा बातमीपत्र संपलं होतं.

करुणा बाहेर आली ती वेगात. "एकदाही अडखळले नाही, ताई! बघितलंस?" मग तिने माझा चेहरा बघितला आणि मग रेकॉर्डिंग. ते तिने उभ्याने बघितलं, पूर्ण.

"दिन्या, हे काय आहे?"

"हनुवटी झाकाची होती. दोन ओलींची पट्टी तीच तयार होती. दुसरी बनवाला टाइम नव्हता. मना वाटला, लिहिलेला कोन वाचतंय."

"माझ्या चार केसांसाठी तू अख्ख्या कल्याण पूर्वेला पाणी भरायला लावलंस?"

"तुना बरा वाटंल म्हणून केला, ताय."

"मला विचारलंस?"

फोन पुन्हा वाजत होता.

रविवारी बातमीपत्र नसायचं. त्या दिवशी कल्याण पूर्वेतल्या सोसायट्यांनी टाक्या भरल्या, लोकांनी पिंपं काढली, कोणी टँकर सांगितले. महापालिकेच्या पाणी खात्यातून भाऊंना फोन गेला आणि तो सभ्य भाषेत नव्हता. करुणा सकाळी डोंबिवलीला गेली. तिचं सिटिंग झालं.

सोमवारी खुलासा द्यायचा होता. नेहा अजून तापात. करुणाच्या हनुवटीच्या डाव्या बाजूला लाल ठिपके आणि सूज होती, उजव्या बाजूला केस तसेच. पुढचे दोन दिवस त्यावर काही लावायचं नाही, असं आपटे मॅडमनी बजावलं होतं.

"खुलासा मी वाचतो," भाऊ म्हणाले.

"भाऊ, मागल्या टायमाला तुम्ही कॅमेऱ्याकं बघितलाच नाय," दिनेश म्हणाला. "छताकं बघून नवीन वर्षाच्या शुभेच्छा दिल्यात."

"तू गप. तुझ्यामुळे झालंय हे सगळं." भाऊ करुणाकडे वळले. "असं करू. पाण्याच्या टाकीचं दृश्य लावू. आवाज तुझा."

"खुलासा चेहऱ्यावर. तुमचा नियम आहे."

"नियम मी केला, मीच मोडतो."

"मोडा ना. टाकी दाखवा, वरून 'पाणी' ऐकू येऊ द्या. उद्या सकाळी परत पिंपं भरतील."

भाऊ काही वेळ पक्कड हातात फिरवत उभे राहिले. त्यांना नगरसेवकांच्या दारातले हार आठवत असावेत, असा माझा अंदाज आहे. त्यांनी विचारलं, "तुला कसं वाटेल पण?"

"वाईट," करुणा म्हणाली. "लवकर वाचू दे, म्हणजे संपेल."

ती बसली. दिनेशने सगळ्या पट्ट्या उतरवल्या. त्याचा हात बटणावर होता, तो त्याने मागे घेऊन मांडीखाली दाबून धरला. करुणाने कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं की शनिवारच्या बातमीपत्रात पाणी बंद असल्याची चुकीची सूचना दाखवली गेली, कल्याण पूर्वेत मंगळवारी पाणीपुरवठा सुरळीत राहील, झालेल्या त्रासाबद्दल वाहिनी दिलगीर आहे. तिचा चेहरा पूर्ण दिसत होता. तिने ते दोनदा वाचलं, कारण मी दोनदा लिहिलं होतं. मग ती पुढच्या बातमीकडे वळली.

मंगळवारी पाणी आलं. त्या आठवड्यात ऑफिसात आलेले फोन मी घेतले. काही पाण्याबद्दल होते. काही तिच्या चेहऱ्याबद्दल होते. त्यातले शब्द इथे देण्यासारखे नाहीत. तिचं चित्र मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये फिरलं. वर्तकनगरच्या वसाहतीतल्या ग्रुपवरही आलं, तिथून आईकडे. एक फोन वेगळा होता. डोंबिवलीहून एका बाईचा होता, तिला निवेदिकेशीच बोलायचं होतं. करुणाने तो घेतला आणि बोळातून जिन्यापर्यंत फेऱ्या मारत बराच वेळ बोलली. ती बाई कोण आणि काय म्हणाली, हे तिने मला सांगितलं नाही.

शुक्रवारी भाऊंनी निर्णय दिला. डोंबिवली संपेपर्यंत करुणाने पडद्यावर यायचं नाही. बातम्या नेहा वाचेल. दृश्यांवरचा आवाज करुणाचा. पगार तोच.

"मॅडम वर्ष म्हणतात, दीड वर्ष म्हणतात," करुणा म्हणाली. "तोवर मी कुठेच नाही?"

"आवाज आहे ना तुझा."

"आवाज तर आमच्या सोसायटीच्या पंपालाही आहे, भाऊ."

भाऊ हसले. ती हसली नाही.

ती तीन महिने आवाज देत राहिली. आवाज देण्याची जागा म्हणजे जुन्या स्टोअररूममध्ये फोम लावून केलेला कप्पा. त्यात एक माणूस उभा राहू शकत होता, वळू शकत नव्हता. ती बाहेर यायची तेव्हा घामाने भिजलेली असायची आणि थेट जिना उतरून बाजाराला एक चक्कर मारून यायची. एकदा मी बरोबर गेले. घाऊक बाजारातून ती इतक्या वेगाने चालत होती की हमाल बाजूला होत होते. मास्क तिने लावला नव्हता.

"ताई, केस काढून टाकले तर सोमवारी खुर्ची परत मिळेल," ती म्हणाली. "भाऊ नाही म्हणणार नाहीत. आणि केस ठेवले तर कधीतरी खरेच जातील. एकाच हनुवटीवर दोन्ही कसं करू, सांग."

मी म्हटलं, मला माहीत नाही.

"मलापण नाही. चल, पुढे."

मे महिन्यात नाशिकच्या एका वाहिनीने तिला कॅमेऱ्यासमोर चाचणीसाठी बोलावलं. गुरुवारी. त्याच आठवड्यातल्या रविवारी तिचं सिटिंग होतं. मी तिला सोडायला ठाण्याला खोपटच्या डेपोत गेले. सकाळची वेळ होती. तिची आई आधीच येऊन बाकावर बसलेली होती, पिशवी मांडीवर घेऊन. करुणा बाकापासून चौकशीच्या खिडकीपर्यंत आणि परत अशा फेऱ्या मारत होती. हनुवटीवर केस होते.

"कात्री तरी लावायचीस," मी म्हटलं.

"रविवारी सिटिंग आहे."

"चाचणी आज आहे."

"माहितेय."

"तीन दिवसांचा नियम आहे ना? आजपर्यंत कापले तर चालतात."

"चालतात. पण नोकरीत घेतलं तर दर पंधरा दिवसांनी त्यांना हेच बघायचंय. आजच बघू देत. नाही म्हणायचं तर आज म्हणू देत."

आई म्हणाली, "मी पहाटेपासून हेच सांगत्ये. ऐकते का? निदान रुमाल तरी धर म्हटलं."

"आई, रुमाल धरून बातम्या कशा वाचू?"

"मग वाच अशीच. माझं काय जातंय?" आई म्हणाली आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिच्या हातात दिली.

नाशिकची बस लागली. करुणा चढली, खिडकीशी जागा धरली, बॅग ठेवली आणि पुन्हा खाली उतरून उभी राहिली. कंडक्टरने दोनदा बेल दिली तरी ती दाराशीच होती.

"ओ मॅडम, बसा की. नाशिकपर्यंत उभ्यानेच जाताय का?"

"बसते हो, मास्तर. तुम्ही सुटा तर."

बस वळली तेव्हा ती आत उभी होती, वरचा दांडा धरून. मग ती दिसेनाशी झाली. त्यानंतर मी तिला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही.

नाशिकच्या वाहिनीने तिला घेतलं. सकाळचं बातमीपत्र ती वाचते, याची मी मोबाइलवर बघून खात्री करून घेतली आहे. नोकरी सुरू होताना तिने पंधरा दिवसांतून एकदा रविवारची सुट्टी लेखी मागून घेतली, असं तिनेच फोनवर सांगितलं. आपटे मॅडमकडचं काम डाव्या बाजूला पूर्ण झालं आहे, उजवीकडे चालू आहे. गेल्या रविवारी ती डोंबिवलीला येऊन गेली. वर्तकनगरला जायला वेळ नव्हता. तिची आई डबा घेऊन कल्याणच्या डेपोत गेली आणि दुपारची नाशिकची बस सुटण्याआधी तो तिला दिला.